ऑटोक्रॉससाठी गाडी: दुसरा गियर कुठे संपतो ते बघायचं की कुठे जागा होतो ते?

शंकूशत्रू

नमस्कार मंडळी. दीड वर्षं मित्रांच्या गाड्या मागून ऑटोक्रॉस करतोय, आता स्वतःची घ्यायची आहे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या फरसबंद जागेत शंकू मांडून वेडावाकडा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी धावते आणि शर्यत घड्याळाशी असते. एक फेरी साधारण मिनिटाच्या आत उरकते. वेग क्वचितच ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो. सरळ रस्ता नावालाच.

यादीत तीन गाड्या आहेत. होंडा एस२००० ची पहिली आवृत्ती (एपी१, २ लिटर), तिचीच २००४ नंतरची २.२ लिटरवाली एपी२, नाहीतर माझदा एमएक्स-५. अश्वशक्ती, वजन, सस्पेन्शन यांवर वाचून वाचून डोळे गेले. पण परवा एक अनुभवी गृहस्थ म्हणाले, "ते सगळं राहू दे, दुसरा गियर किती किलोमीटरपर्यंत जातो ते आधी बघ." तेवढं बोलून ते त्यांच्या फेरीला निघून गेले आणि मी तिथेच उभा.

तर खरंच गियरिंगचा एवढा फरक पडतो का? आणि दुसरा गियर जितका लांब (म्हणजे जितक्या जास्त वेगापर्यंत जाणारा) तितका चांगला, की उलट?

निवांत_नाना

पडतो. पण तुमच्या उजव्या पायाचा त्याहून जास्त पडतो. आता दातमोजे येतील आणि आकडे फेकतील, सावध बसा.

दातमोजे

नाना, आलोच.

शंकूशत्रू, हिशोब कुणालाही जमण्यासारखा आहे. इंजिनचे आरपीएम घ्या, त्यांना एकूण रेशोने भागा, टायरच्या परिघाने गुणा. मिनिटाला किती मीटर ते कळतं. त्याला ०.०६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. एकूण रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे ते: त्या गियरचा रेशो गुणिले डिफचा (मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचा). एस२००० मध्ये मात्र एक खोच आहे आणि नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात. तिच्या गियरबॉक्समध्ये आणखी एक रिडक्शन (फिरण्याचा वेग कमी करणारी दातचाकांची जोडी) आहे. एपी१ ला ते १.१६० आहे, एपी२ ला १.२०८. ते गुणलं नाही तर दुसरा गियर १२५ च्या पुढे जातो असं भलतंच उत्तर येतं.

एपी१: दुसरा २.०४५, रिडक्शन १.१६०, डिफ ४.१०. गुणाकार ९.७३. मागचा टायर २२५/५० आर१६ (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची तिच्या ५० टक्के, रिम १६ इंची), म्हणजे परीघ १.९८ मीटर. ९००० आरपीएमला ११० किमी.

एपी२: दुसरा तोच २.०४५, डिफ तोच ४.१०, पण रिडक्शन १.२०८, म्हणून गुणाकार १०.१३. टायर २४५/४० आर१७, परीघ १.९७. आणि रेडलाइन, म्हणजे इंजिनाची आरपीएमची मर्यादा, ८००० वर आणलेली. उत्तर ९३.५ किमी.

नाव एक, गियरचे आकडेही पहिल्या चारांत तेच, आणि तरी दुसऱ्या गियरची हद्द साडेसोळा किलोमीटरने मागे आली.

एमएक्स-५ चं म्हणाल तर चौथी पिढी (एनडी) बघा. दुसरा २.९९१, डिफ २.८६६, टायर २०५/४५ आर१७. सुरुवातीच्या २ लिटर गाड्यांची रेडलाइन ६८०० होती, त्यात ९२ किमी. २०१९ च्या मॉडेलपासून रेडलाइन ७५०० झाली आणि तोच गियर १०१ किमीच्या पुढे गेला. एकही दात न बदलता, फक्त इंजिन जास्त फिरू दिलं म्हणून. तेव्हा ब्रोशरवाले अश्वशक्ती १५५ ची १८१ झाली म्हणून नाचत होते. ऑटोक्रॉसवाले मात्र त्या ७०० आरपीएमसाठी खूश होते.

दुसऱ्या पिढीत (एनबी) तर अजून गंमत. पाच गियरवाली आणि सहा गियरवाली अशा दोन्ही मिळतात. सगळ्यांना सहा हवे असतात. पण ४.३० डिफच्या पाच गियरवालीचा दुसरा ७००० ला ९३ पर्यंत जातो आणि ३.९०९ डिफच्या सहा गियरवालीचा ८५ लाच संपतो. सहा गियरवाला मधेच तिसरा टाकत बसतो, पाचवाला दुसऱ्यात आरामात फेरी संपवतो.

हे सगळे कागदावरचे आकडे. टायर भाराखाली चपटतो, तेव्हा प्रत्यक्षात दोन-तीन टक्के कमी धरा.

सहाहजारी

माझ्याकडे एपी१ आहे, सात वर्षं. दातमोजेंचे आकडे बरोबर आहेत, पण ते आतून कसे लागतात ते मी सांगतो.

या इंजिनात सहा हजारांच्या आसपास व्हीटेकचा (होंडाच्या व्हॉल्व्ह-यंत्रणेचा) मोठा कॅम लागतो, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतात. त्याच्या खाली ती शहाणी, जरा मिळमिळीत दोन लिटरची गाडी आहे. त्याच्या वर ती दुसरंच काहीतरी आहे. आता दुसऱ्या गियरमध्ये सहा हजार म्हणजे किती? ७३ किमी. ऑटोक्रॉसमधलं अरुंद वळण ४०-४५ ला घेतलं जातं. म्हणजे वळणातून बाहेर पडताना सुई, सुई कसली, त्या गाडीत डिजिटल पट्टी आहे, ती साडेतीन-पावणेचार हजारांवर लोंबकळत असते. पाय पूर्ण दाबलेला. पट्टी एकेक घर पुढे सरकते. तुम्ही मनात मोजता. आणि पट्टी सहापर्यंत येते, आवाज बदलतो, पाठ सीटला टेकते, आणि समोर पुढचं वळण! ब्रेक!

पहिल्या दोन हंगामांत माझं हेच चालायचं. ११० पर्यंत जाणारा दुसरा गियर आहे म्हणून मिरवायचो, आणि १०० च्या वर कितीदा गेलो विचाराल तर एका फेरीत एकदा. कधी तेही नाही.

"मग पहिला टाक" म्हणणारे भेटतात. पहिला ७२ पर्यंत जातो खरा. पण वळणाच्या तोंडाशी, ब्रेक दाबलेला असताना, एका हाताने स्टिअरिंग फिरवत दुसऱ्यातून पहिला घालून बघा. आणि घातलात तरी वर जाताना ९००० वरून दुसरा टाकला की पट्टी ५९०० च्या जरा खाली येते. नेमकी कॅमच्या उंबरठ्याबाहेर. आखणाऱ्याने मुद्दाम केलं असावं असं वाटायचं.

शंकूशत्रू

सहाहजारी, चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. पण मग मी गोंधळलो. एपी२ चा दुसरा ९३ लाच संपतो. मधेच लिमिटरला (इंजिनाला मर्यादेपुढे फिरू न देणाऱ्या यंत्रणेला) आपटलो तर? मित्राच्या गाडीत एकदा झालंय, इंजिन नुसतं टरटर करत होतं आणि मी बधिर होऊन बसलो होतो. तेवढ्यात तिसरा टाकायला हवा होता का?

दातमोजे

बधिर होऊन बसलात हेच बरं केलंत. गंमत नाही, हिशोब सांगतो.

समजा एपी२ सारखी गाडी ९३.५ ला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २६ मीटर वेगावर, लिमिटरला लागली आणि ब्रेकचा बिंदू अजून २० मीटर पुढे आहे. तसंच टरटरत गेलात तर ०.७७ सेकंद. गियर संपलाच नसता आणि दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग वाढत राहिला असता, तर ०.७४. नुकसान तीन शतांश सेकंदाचं. कानांना मात्र ते तीन सेकंदांचं वाटतं, कारण तो आवाजच असा अपमानास्पद आहे.

आता तिसरा टाकला तर? गियर बदलायला ०.४ सेकंद धरा. तेवढ्यात दहा मीटर नुसतेच गेले. उरलेल्या दहा मीटरांत तिसऱ्याच्या कमी ओढीने काय मिळणार? एकूण ०.७६. म्हणजे काहीच नाही, वर पुन्हा दुसरा घालायची कटकट, ऐन ब्रेकमध्ये.

६० मीटर उरले असतील तर चित्र बदलतं. टरटरत २.३१ सेकंद, तिसरा टाकून सुमारे २.१९. बारा शतांशांचा फायदा दिसतो. पण वेगही जास्त झालेला असतो, म्हणून ब्रेक दहा-अकरा मीटर आधी लावावा लागतो आणि फायद्यातला बराचसा तिथे परत जातो. तेव्हा माझा नियम: मार्ग पायी चालून बघताना दुसरा गियर जिथे संपेल असं वाटतं तिथपासून पुढच्या ब्रेकपर्यंत पावलं मोजा. सत्तर-ऐंशी पावलांच्या आत असेल तर हात स्टिअरिंगवरच ठेवा.

तिसरी घंटा

+१, आणि हे मी पोळून निघाल्यावर सांगतेय.

एनडी, नवीवाली. शेवटच्या वळणानंतर अंतिम रेषेपर्यंत लांबच लांब सरळ तुकडा होता. लिमिटर येणार हे दिसत होतं, म्हणून तिसरा टाकायचं आधीच ठरवलं होतं. पण तो तुकडा पूर्ण सरळ नव्हता, किंचित उजवीकडे झुकलेला. गाडी वळत होती, अंग डावीकडे फेकलं जात होतं, आणि हातही अंगाबरोबर डावीकडे ओढला गेला. दुसऱ्यातून वर ढकललं ते तिसऱ्याऐवजी पहिल्याच्या खाचेत. सिंक्रोने (गियरचे वेग जुळवणाऱ्या कड्याने) आत घेतलं नाही. दात खाल्ल्यासारखा करकरीत आवाज आला, मी दांडा सोडला आणि न्यूट्रलमध्येच रेषा ओलांडली.

घरी येऊन दातमोजेंच्या सूत्राने मांडून बघितलं. ९० च्या वेगाला पहिला आत गेला असता आणि मी क्लच सोडला असता तर इंजिन ११ हजारांच्या वर फिरलं असतं. साडेसात हजारांची रेडलाइन असलेलं इंजिन. त्या रात्री झोप लागली नाही.

आता मी लिमिटरला हसत हसत जाते.

निवांत_नाना

एका गियरमध्ये फेरी संपते ती गाडी चांगली, असं आमच्या वेळेला सरळ सांगायचे. आता त्याला शतांश लागतात.

रबरबुवा

कुणी टायरविषयी बोललंच नाही म्हणून येतोय. गियरिंग बदलायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मार्ग म्हणजे टायरचा व्यास.

एनबीच्या मूळच्या १९५/५० आर१५ चा व्यास ५७६ मिलिमीटर. सगळे जण २०५/५० घालतात कारण तो रुंद आहे. त्याचा व्यास ५८६. म्हणजे १.७ टक्के लांब गियरिंग, नकळत. ८५ चा दुसरा ८७ झाला. सहा गियरवाल्याला बरंच झालं. २२५/४५ घेतला तर ५८३, रुंदी वाढली आणि व्यास मधे राहिला. असं प्रत्येक साइजचं गणित मांडा. पकड, रुंदी आणि व्यास तिन्ही एकत्र येतात, नुसती पकड बघून टायर घेणाऱ्याला गियरिंग फुकटात बदलून मिळतं, हवं असो वा नसो.

आणि टायर झिजतो हेही धरा. नव्या टायरची नक्षी ८ मिमी खोल असली आणि ३ पर्यंत झिजली तर व्यासात १ सेंटिमीटर गेला. हंगामाच्या शेवटी तुम्हाला "हल्ली लिमिटर लवकर येतो" असं वाटलं तर तो भास नाही.

लांबउडी

मंडळी, तुम्ही सगळे छोट्या गियरच्या प्रेमात आहात म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा मित्र पोर्शे केमन जीटी४ (९८१) आणतो. त्याचा दुसरा गियर १३२ किमीपर्यंत जातो. तुमच्या हिशोबाने ती ऑटोक्रॉसला नालायक ठरायला हवी. पण तो रोज माझ्या एमएक्स-५ च्या पुढे असतो. कसं काय?

दातमोजे

लांबउडी, छान प्रश्न, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. गियर लांब म्हणजे ओढ कमी, हे *त्याच* इंजिनाला लागू. दोन वेगळ्या गाड्यांत चाकापाशी काय पोचतं ते बघायला हवं.

चाकापाशी जोर म्हणजे टॉर्क (इंजिनाची पिळण्याची ताकद) गुणिले एकूण रेशो भागिले टायरची त्रिज्या. एनडी: २०० न्यूटनमीटर, रेशो ८.५७, त्रिज्या ०.३०८. गियरबॉक्स-डिफमधलं नुकसान दहा टक्के धरलं तर पाच हजार न्यूटन. चालकासकट ११३० किलो धरा. वेग दर सेकंदाला ४.४ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. जीटी४: ४२० न्यूटनमीटर, रेशो ७.५९, त्रिज्या ०.३४. तेच नुकसान धरून ८३०० न्यूटनच्या वर, वजन चालकासकट १४२० च्या आसपास. इथे तीच वाढ ५.९. गियर लांब असूनही तिचा टॉर्क भारी पडतो. वर २९५ रुंदीचे मागचे टायर.

पण तुमच्या मित्राला विचारा, ४५ च्या वळणातून निघताना तो काय करतो. दुसऱ्यात त्याचं इंजिन २६०० वर असतं. पहिला ७८ पर्यंत जातो, पण पहिला आणि दुसरा यांत १.७ पटींचं अंतर आहे. म्हणजे पहिला अपुरा आणि दुसरा अघळपघळ. ती गाडी वेगवान आहे ती तिच्या गियरिंगमुळे नाही, गियरिंग असूनही.

लांब गियर देण्यामागे इंधन, उत्सर्जन, आवाज अशी कारणं असतात. शून्य ते शंभर मोजताना एक गियर बदल वाचला की ब्रोशरमध्ये आकडा चांगला दिसतो, हेही एक. आपल्या शंकूंचा विचार करून कोणी दात कापत नाही.

उलट टोकाचंही सांगतो. "मग पहिल्यातच का चालवू नये, त्यात तर जोर जास्त?" असा प्रश्न हमखास येतो. पहिलं कारण, जोर जास्त म्हणजे मागची चाकं जागीच फिरतात, खास करून वळताना. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. इंजिनाचे फिरणारे भागही तुम्हाला वेगात आणावे लागतात आणि त्यांचं 'जाणवणारं' वजन रेशोच्या वर्गाने वाढतं. फ्लायव्हील-क्रँक मिळून जडत्व ०.१५ किलो-वर्गमीटर धरलं तर एनडीला दुसऱ्यात ते ११६ किलो जास्तीचं वजन वाहिल्यासारखं आहे. पहिल्यात ३३६ किलो. म्हणजे गाडीत चार माणसं बसवून सुटायचं. हलकं फ्लायव्हील घालणारे लोक वेडे नाहीत.

विजेरी

आणि आम्ही इलेक्ट्रिकवाले कोपऱ्यात बसून चिवडा खात तुमचं वाचतोय. एकच रिडक्शन, शून्यापासून टॉर्क, लिमिटर नाही, दांडा नाही. :)

निवांत_नाना

खा. आणि वळणावर ते पाचशे किलो बॅटरीचंही वळवा. :)

गुपचूप वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. डिफच बदलून टाकला तर? टोयोटा ८६ ला ४.१ च्या जागी ४.३ घालतात असं ऐकलं.

दातमोजे

८६ ला कंपनीनेच घातला, २०१७ च्या मॉडेलच्या मॅन्युअलला. २.१८८ चा दुसरा, २१५/४५ आर१७, ७४०० आरपीएम: ४.१ ला ९७ किमी, ४.३ ला ९२.७. त्या जुन्या २ लिटर इंजिनाला साडेतीन-चार हजारांच्या आसपास टॉर्कमध्ये खड्डा आहे. ४.३ ने ४५ च्या वळणातून निघताना इंजिन ३४०० ऐवजी ३६०० वर येतं. खड्ड्यातून बाहेर नाही येत, पण खड्डा लवकर ओलांडतो.

मात्र तुमच्या वर्गाचे नियम आधी वाचा. अमेरिकेतल्या एससीसीए या क्लबच्या सोलो (म्हणजे ऑटोक्रॉस) स्पर्धांत 'स्ट्रीट' वर्गात डिफचा रेशो मूळचाच ठेवावा लागतो. टायरची साइज मात्र मूळ रुंदीच्या रिमवर बसेल ती चालते आणि रिमचा व्यास एक इंच कमी-जास्त करता येतो. रबरबुवांचं गणित तिथे सोन्याच्या मोलाचं ठरतं. एका गाडीत डिफ बदलून दुसऱ्याच वर्गात जाऊन पडलेले दोघे मला माहीत आहेत. तिथे त्यांच्यासमोर स्लिक (नक्षी नसलेल्या, शर्यतीच्या) टायरवाले उभे.

शंकूशत्रू

मंडळी, दोन आठवडे गप्प होतो कारण काम करत होतो. सहाहजारींसारखीच एपी१ असलेल्या मित्राने एक फेरी मला दिली, आणि मी मोबाइल स्टिअरिंगमागच्या डिजिटल पट्टीकडे रोखून चिकटवला. घरी येऊन तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. डोळ्यांचं भजं झालं, पण आकडे हे:

फेरी ५२ सेकंद. सुरुवातीचे ३ सेकंद पहिल्यात. उरलेली सगळी दुसऱ्यात, तिसरा एकदाही नाही. दुसऱ्यात पट्टी सहा हजारांच्या खाली ३४ सेकंद. सहा हजार ते ७६५० मध्ये १२ सेकंद. ७६५० च्या वर फक्त ३ सेकंद, दोन ठिकाणी मिळून.

७६५० च का, तर तेव्हा एपी१ चा वेग जवळजवळ ९३.५ असतो. म्हणजे एपी२ असती तर त्या तीन सेकंदांत ती लिमिटरला टेकली असती. लिमिटरच्या भीतीने मी एपी२ वर काट मारली होती. ५२ सेकंदांतल्या तीनासाठी! आणि त्या तिनातही काही वेळ ब्रेक दाबलेलाच होता.

उलट ३४ सेकंद मी त्या 'मिळमिळीत' भागात होतो. त्याकडे माझं लक्षच नव्हतं, कारण तिथे काही टरटरत नाही.

दातमोजे

असं काम करणारा माणूस या धाग्यावर पहिल्यांदा बघतोय. लगेच बसलो.

४५ ला दोन्ही गाड्या दुसऱ्यात. एपी२ चं गियरिंग, टायरसकट, ४.७ टक्के जास्त ओढतं. इंजिनाचा आकार १९९७ सीसीचा २१५७ झाला, म्हणजे ८ टक्के. कमी आरपीएमला टॉर्क ढोबळमानाने आकाराच्या प्रमाणात धरला तर एकूण १३ टक्के जास्त ओढ. वळणातून १२.५ मीटर प्रतिसेकंदाने निघून ३० मीटर जायचं आहे: एपी१ ला १.९५ सेकंद, एपी२ ला १.९१. चार शतांश. अशी पाच वळणं, म्हणजे दोन दशांश.

आणि लिमिटरपाशी एपी२ चं नुकसान? तुमच्या तीन सेकंदांवरून फार तर दोन दशांश.

बरोबरी. :)

निवांत_नाना

हा हा हा. एवढ्या प्रतिसादांचं उत्तर शून्य! आणि एससीसीएत एका शंकूची शिक्षा दोन सेकंद. दहा वळणांची कमाई एका शंकूत साफ.

सहाहजारी

नाना, शून्य नाही. बरोबरी कधी? वळण बरोबर ४५ ला घेतलं तर. नवखा माणूस ते ३८ ला घेतो, उशिरा पाय दाबतो. एपी१ मध्ये अशी चूक झाली की पट्टी तीन हजारांवर, आणि सहा हजारांपर्यंत पोचेपर्यंत पुढचं वळण येतं. म्हणजे चुकीची किंमत अख्ख्या तुकड्यावर पसरते. एपी२ थोडी सावरून घेते. मला एपी१ सोडवत नाही तो भाग वेगळा, तो नऊ हजारांचा आवाज माझ्या डोक्यात बसलाय. पण दीड वर्षाच्या अनुभवावर मी स्वतःला पुन्हा गाडी घेऊन देत असतो तर एपी२ दिली असती. शिवाय २००४ मध्ये मागच्या सस्पेन्शनची रचना बदलून टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) कमी बदलेल असं केलं, त्यामुळे मागची बाजू कमी दचकते. मोठा, मोकळा, वेगवान मार्ग मिळाला की मात्र माझ्याकडे बघून हात हलवा, मी ११० ला असेन.

तिसरी घंटा

आणि एनडी? यादीतून कधी बाद झाली? :(

शंकूशत्रू

बाद नाही झाली हो, नवीवाली बजेटच्या बाहेर आणि जुनीवालीचा दुसरा ९२. तेवढाच असेल तर एस२००० चा आवाज तरी मिळू दे.

उद्या एक एपी२ बघायला जातोय. मालकाशी फोनवर बोललो. इतर लोक अपघात, क्लच, ऑइल विचारतात. मी पहिला प्रश्न विचारला, "मागचे टायर कुठल्या साइजचे?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, २५५/४० आर१७, नवे.

दातमोजे

परीघ दोन मीटरला जेमतेम कमी. ९४.७ किमी. सव्वा किलोमीटर फुकट मिळाला.

रबरबुवा

झिजेपर्यंत.